मोगरा, जाई, जुई, कुंद: कात्री कुणावर आणि कधी?

परसदार
७ डिसेंबर, रात्री ९:४०

बागकामाच्या गप्पांमध्ये दर थंडीत हेच प्रश्न येतात आणि चार दिवसांत लोणच्याच्या पाककृतींखाली गाडले जातात, म्हणून वेगळा धागा काढतोय. "मोगऱ्याला नुसता पाला, फूल नाही." "जाई मंडपावर पोचली, खाली नुसत्या काड्या." "कुंदाला यंदा कळीच धरली नाही."

माझ्या मते यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ एकच. डिसेंबरात कात्री हातात आली की आपण ती दिसेल त्या वेलावर सारखीच चालवतो. मोगरा, जाई, जुई, कुंद ही सगळी जॅस्मिनम या एकाच प्रजातीतली. या प्रजातीत जगभर दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि प्रत्येकीचं वेळापत्रक निराळं. म्हणून आधी आपल्याकडे नक्की कोण आहे ते ठरवा. नर्सरीच्या पाटीवर जाऊ नका, पान बघा.

मोगऱ्याचं पान एकसंध, गुळगुळीत, समोरासमोर जोडीने येणारं. कधीकधी एका पेरावर तीन. जाईचं पान सात ते नऊ पर्णिकांचं (म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांचं), टोकाकडच्या पर्णिका तळाशी एकमेकींना चिकटलेल्या, आणि कळी बाहेरून गुलाबी झाक असलेली. जुईचं पान लांबून एकच वाटतं, पण देठापाशी निरखून पाहिलं तर दोन बाजूंना दोन इवल्याशा पर्णिका दिसतात. कुंदाचं पान एकच, पण लव असलेलं. बोट फिरवलं की लगेच कळतं.

आता वेळ. मोगरा नव्या फुटीवर फुलतो आणि त्याचा मोठा बहर उन्हाळ्यात, म्हणून त्याची छाटणी आत्ता. जाई-जुई पावसाळ्याच्या, त्यांना अजून अवकाश आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस मोगऱ्याला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, जाईला डिसेंबरचा शेवटचा आणि जुईला जानेवारीचा शेवटचा, अशी आहे. जमिनीपासून साधारण दीड फूट राखून. आपल्याकडे, विशेषतः घाटावर, थंडी त्यांच्यापेक्षा कडक. मी मोगरा डिसेंबरअखेर घेतो आणि काही बिघडत नाही.

कुंद मात्र थंडीतच फुलतो. आत्ता तो कळीवर आहे. त्याला आज हात लावलात तर यंदाची फुलं तुम्ही स्वतःच कचऱ्यात टाकलीत. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चात.

पाण्याच्या ताणाबद्दल, म्हणजे छाटणीआधी पाणी तोडण्याबद्दल, माझ्यापेक्षा जाणकार मंडळी इथे आहेत, त्यांनी लिहावं.

गच्चीवरची
७ डिसेंबर, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली! माझी केस घ्या आधी. बारा इंची कुंडी, बट मोगरा, पूर्वेची बाल्कनी, सकाळी दहापर्यंत ऊन. दर पंधरा दिवसांनी खत घालते. पानं अशी तजेलदार, हिरवीगार की येणारा-जाणारा कौतुक करतो. फुलं मात्र शून्य. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या चार कळ्यांचा फोटो अजून फोनच्या वॉलपेपरवर आहे.

परसदार
७ डिसेंबर, रात्री १०:५०

@गच्चीवरची, खत कुठलं? नत्रच जास्त असेल तर झाड पाला वाढवण्यातच रमतं. पण खरी भानगड उन्हाची वाटते. दोन पेरांमधलं अंतर मोजा. ते लांबलचक असेल, पानं मोठी आणि फांद्या कठड्याबाहेर झुकलेल्या असतील, तर झाड ऊन शोधतंय. मोगऱ्याला सहा तास थेट ऊन लागतंच. इतर झाडं थोडंफार चालवून घेतात, हा नाही घेत. कुंडी गच्चीवर नेता येईल का? तुमचं नाव तर तेच सांगतंय.

गच्चीवरची
७ डिसेंबर, रात्री १०:५८

नाव घेतलं तेव्हा गच्ची होती हो. आता सोसायटीची परवानगी काढावी लागेल. सेक्रेटरींच्या सौंना गजरा कबूल केला की होईल काम.

माळीबुवा
८ डिसेंबर, सकाळी ६:३०

ताणाबद्दल लिहितो. संत्र्याच्या, डाळिंबाच्या बागेला बहर धरताना जे करतात तेच इथं. नोव्हेंबर मध्यापासून पाणी तोडत आणायचं. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन आठवडे पाणी बंद. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. बघवत नाही, पण तेच हवं असतं. वाढ थांबते, काडी पक्की होते. मग छाटणी. मेलेल्या, वाळक्या, आत घुसलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या आधी काढायच्या आणि उरलेल्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या. कात्रीला धार पाहिजे, काडी चेचली की वरून वाळत येते. चार-पाच दिवस बुंध्याची माती खुरप्यानं हलवून उन्ह खाऊ द्यायची. मग शेणखत आणि भरपूर पाणी. पुढं पाण्याला खंड नाही.

कुंडीत एवढा ताण देऊ नका. कुंडीतली माती भुसभुशीत नि थोडी, दोन-तीन आठवडे कोरडी ठेवलीत तर झाड सरपणात जाईल. पानांनी मान टाकली की अर्धा तांब्या पाणी, पुन्हा मान टाकेपर्यंत थांबायचं. असं आठवडाभर पुरे.

सदाफुली
८ डिसेंबर, सकाळी ९:०५

छाटणीनंतर उरलेली सगळी पानंही ओरबाडून काढायची असं आमचे माळीकाका सांगतात. बरोबर आहे का?

माळीबुवा
८ डिसेंबर, सकाळी ९:४०

करतात. सगळे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले अंकुर, एकदम फुटतात त्यानं. मी पण करतो.

परसदार
८ डिसेंबर, सकाळी १०:१०

शेतातल्या जुन्या, जोमदार झाडाला ठीक. कुंडीतल्या, त्यातही वर्ष-दीड वर्षाच्या रोपाला मी करणार नाही. मुळं थोडी, साठा थोडा, आणि पानंही काढली तर नवी फूट काढायला बळ आणायचं कुठून? शिवाय ओरबाडताना पानाच्या बगलेतला डोळाच निघून येतो, तो वेगळा तोटा.

माळीबुवा
८ डिसेंबर, सकाळी ११:००

ओरबाडायचं नसतंच, पान वरच्या बाजूला दाबून मोडायचं. बाकी कुंडीचं तुमचं तुम्ही बघा, मला कुंडीतल्या झाडाची दया येते.

विक्रमगडचा
८ डिसेंबर, दुपारी २:२०

आमच्या पट्ट्यात, म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड इकडे मोगरा आता बऱ्याच घरांचं रोजचं पीक झालंय. पूर्वी भात निघाला की माणसं कामाला वसई-भिवंडीकडे जायची. मोगरा असला की उन्हाळ्यात हातात रोजचे पैसे येतात, म्हणून लागण वाढली. चार-चार फुटांवर रोपं, पाणी असेल तिथे ठिबक. कळी उजाडायच्या आत खुडायची. पांढरी, भरलेली, पण न उघडलेली. हिरवट कळी खुडली तर ती फुलत नाही, उमललेली खुडली तर तिला भाव नाही. मग गाडीने दादरच्या फुलबाजारात. भाव तिथे ठरतो: लग्नसराईत चढतो आणि मुहूर्त संपले की असा कोसळतो की तोडणीची मजुरीही निघत नाही.

छाटणीचं सांगायचं तर आमच्यात सगळे एकदम छाटत नाहीत. अर्धी बाग आधी, अर्धी पंधरा-वीस दिवसांनी. सगळा माल एकाच वेळी आला तर तो विकायचा कुणाला?

गच्चीवरची
८ डिसेंबर, दुपारी २:४५

हे अर्ध्या-अर्ध्या बागेचं घरीही करता येईल की. दोन कुंड्या असतील तर.

पुंकेसर
८ डिसेंबर, रात्री ८:३०

छान धागा. थोडं वनस्पतिशास्त्र: मोगऱ्याचं किंवा जाईचं फूल नळीपर्यंत उभं फाडून बघा. आत दोनच पुंकेसर सापडतील, नळीला आतून चिकटलेले. ही या कुळाची खूण. कूळ ऑलिव्हचं आणि आपला पारिजातकही त्यातलाच. १७५३ मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोगऱ्याला पारिजातकाच्याच प्रजातीत घातलं होतं. १७८९ मध्ये एटन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथून काढून जॅस्मिनममध्ये आणलं.

याच खुणेने तोतयेही ओळखता येतात. रातराणी, तगर, अनंत, कुंती, मधुमालती यांना कुठे ना कुठे 'जास्मिन' म्हणतातच. 'स्टार जास्मिन' तर नर्सरीत सर्रास मिळतो. तो करवंदाच्या कुळातला. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. जाई-मोगऱ्याला चीक नसतो.

अतरंगी
८ डिसेंबर, रात्री ९:१२

अवांतर: मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं आणि तेच विष्ठेतही असतं हे खरं का? बायकोला सांगितलं, तिने गजरा काढून माझ्या हातात दिला.

पुंकेसर
८ डिसेंबर, रात्री ९:३०

खरं आहे. अगदी थोड्या प्रमाणात असतं आणि त्यानेच त्या वासाला भरीवपणा येतो. वासाचा मोठा भाग बेंझिल ॲसिटेट, लिनॅलूल वगैरे मंडळींचा. आणखी एक सांगा बायकोला: मोगऱ्याची कळी खुडल्यावरही उमलत राहते आणि उमलताना वास सोडते. म्हणून तर दुपारी ओवलेला कळ्यांचा गजरा रात्री घमघमतो. चीनमध्ये फूचौला हाच मोगरा चहासाठी वापरतात. दिवसा खुडलेल्या कळ्या रात्री उमलू लागल्या की चहाच्या पत्तीत मिसळतात, पत्ती वास ओढून घेते आणि फुलं चाळून काढतात.

अत्तराच्या दुनियेत मात्र मान जाईचा. फ्रान्सच्या ग्रास गावच्या जाईने १९२१ च्या शनेल नंबर ५ पर्यंत मजल मारली.

मार्दोळकार
९ डिसेंबर, सकाळी ७:५०

जाईचा विषय निघाला आणि गोंय राहिलं असं कसं चालेल? आमच्याकडे मार्दोळच्या म्हाळसेला पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जायांची पूजा असते. गावच्या फुलकार कुटुंबांची ही पूजा. देऊळ जायांनी भरून जातं. केळीच्या सोपटात गुंफलेल्या जायो घ्यायला लांबलांबून माणसं येतात.

लागवडीचं इतकंच सांगतो की आमच्या लाल जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, ते या वेलाला मानवतं. साचलेलं पाणी एक पावसाळाही सोसत नाही तो. चार महिने धो-धो पडतो, पण मूळ कुजत नाही कारण पाणी वाहून जातं. खोलगट आळं पावसात मोडून टाकायचं आणि बुंध्याशी माती चढवायची. लोक उन्हाळ्याचं आळं तसंच ठेवतात आणि मग जाय मेली म्हणून रडतात.

दख्खनी
९ डिसेंबर, सकाळी ९:२०

आमचं उलट. काळी, चुनखडीची जमीन, बोअरचं जड पाणी. मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घालून दमलो.

परसदार
९ डिसेंबर, सकाळी ९:५५

@दख्खनी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) आणा. लिटरला पाच ग्रॅम, थोडा लिंबाचा रस पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. नवी पानं हिरवी येईपर्यंत दर पंधरवड्याने. हिराकसाचे डाग फरशीवरून निघत नाहीत, तेव्हा कुंडी आधी अंगणात न्या, नाहीतर घरात दुसरा धागा निघेल. शक्य तेव्हा पावसाचं पाणी घाला. खालची जुनी पानं पिवळी असतील तर मात्र हा इलाज नाही, ती नत्राची भूक किंवा जास्त पाणी.

न्यूजर्सीकर
९ डिसेंबर, रात्री ८:०५

इकडून हजेरी. मोगरा इथे बाहेर थंडी काढत नाही. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायला लागलं की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीशी. आत हीटरची कोरडी हवा, मग लाल कोळी ही कीड. पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि पानामागे बारीक जाळी दिसली की समजा आला. मी कुंडी सरळ बाथटबमध्ये ठेवते आणि पानांच्या मागच्या बाजूने शॉवर मारते. दर आठवड्याला. औषधापेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि इकडच्या मराठी मंडळींना दोन सूचना. नर्सरीत फेब्रुवारीत गुलाबी कळ्यांचा जो वेल मिळतो तो जॅस्मिनम पॉलिअँथम. त्याचं मोगऱ्याच्या नेमकं उलट. शरद ऋतूत काही आठवडे थंड रात्री मिळाल्या नाहीत तर तो कळीच धरत नाही, म्हणून त्याला मोगऱ्यासोबत घाईने उबेत आणू नका. दुसरं, पिवळ्या फुलांचा 'कॅरोलायना जेसमिन' जॅस्मिनम नव्हे. तो जेल्सेमियम आणि सगळाच्या सगळा विषारी. पूजेला, चहाला, मुलांच्या हातात अजिबात नको.

अतरंगी
९ डिसेंबर, रात्री ८:४०

मोगरा बाथटबमध्ये, आणि इकडे आम्हाला बादलीभर पाण्यात उरकावं लागतं.

सदाफुली
१० डिसेंबर, सकाळी ८:१५

सासूबाई जुईचा वेल दाराशी लावू देत नाहीत, वासाने साप येतो म्हणतात. त्यांना काय सांगू?

माळीबुवा
१० डिसेंबर, सकाळी ८:५०

वासाला साप येत नाही. वेल माजला, खाली पालापाचोळा साठला की उंदीर-बेडूक येतात आणि त्यांच्या मागं साप येतो. खालचा फूट-दीड फूट बुंधा मोकळा ठेवा, पाचोळा झाडत जा. वेल दारात लावा, पण सासूबाईंना विचारून लावा.

गच्चीवरची
१८ एप्रिल, सकाळी ७:३०

धागा वर काढतेय. गच्ची मिळाली! जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छाटणी केली, पानं ओरबाडली नाहीत (माळीबुवा, क्षमस्व), खताचा मारा बंद करून शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड एवढंच. मार्चपासून प्रत्येक फुटीच्या टोकाला कळ्या आहेत, तीन-तीनच्या झुबक्यात. पण आता दहा दिवसांत नवीन प्रकार. बऱ्याच कळ्या पांढऱ्या होण्याआधीच जांभळट होतात, तिथेच सुकतात. काय झालं असेल?

परसदार
१८ एप्रिल, सकाळी ८:१०

अभिनंदन आणि अरेरे, दोन्ही. त्यातली एक कळी खुडून हातात घ्या आणि देठाकडचा भाग बघा. बाजूला भोक आहे का? दोन-तीन कळ्या बारीक जाळीने एकत्र बांधल्यासारख्या आहेत का?

गच्चीवरची
१८ एप्रिल, सकाळी ८:३५

भोक नाही, जाळी नाही. पण देठाकडे कळी फुगलीय, नेहमीपेक्षा बुटकी आहे. ब्लेडने उभी चिरली तर आत जिऱ्याहून बारीक, पांढुरक्या अळ्या वळवळताहेत. शी!

माळीबुवा
१८ एप्रिल, सकाळी ९:००

कळी माशी. भोक आणि जाळी असती तर कळी पोखरणारी अळी. माशी डासापेक्षा लहान, ती कोवळ्या कळीत अंडी घालते. अळी आतून खाते, मग मातीत उतरून कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. म्हणून नुसती वरून फवारणी करून भागत नाही.

बाधलेली प्रत्येक कळी खुडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि पिशवी दिवसभर कडक उन्हात टाका. कंपोस्टमध्ये नको. खाली पडलेल्या कळ्याही वेचा. कुंडीतली वरची दोन बोटं माती काढून नवी घाला, किंवा हलवून मातीवर निंबोळी पेंडीचा थर द्या. कळी मोहरीएवढी असतानाच संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा, पाच टक्के. आठवड्याने पुन्हा. एकदा कळी जांभळी झाली की ती गेली, तिच्यावर औषध वाया घालवू नका.

विक्रमगडचा
१८ एप्रिल, दुपारी १:१०

बुवांशी सहमत. आणि कळ्या झाडावर राखू नका. रोज खुडा, घरात लागत नसतील तरी खुडा. झाडावर सुकत ठेवलेल्या फुलांतच पुढची पिढी वाढते.

परसदार
१८ एप्रिल, दुपारी १:४०

त्याला जोडून एक. झुबक्यातली मधली कळी आधी उमलते, मग बाजूच्या दोन. तिन्ही होऊन गेल्या की नुसतं सुकं फूल खुडून थांबू नका. झुबक्याखाली पानांच्या दोन जोड्या मोजा आणि तिथे कापा. त्या बगलांमधून दोन नवे धुमारे निघतात आणि दोन्हींच्या टोकाला पुन्हा कळी येते. जूनपर्यंत हे करत राहिलात तर एका छाटणीवर तीन-चार वेळा फुलं मिळतात. पाऊस सुरू झाला की थांबा. तेव्हा कापलेल्या काड्या फेकू नका, वीतभर लांबीच्या, तीन पेरांच्या, ना कोवळ्या ना जून अशा निवडून वाळू-कोकोपिटात खोचा. मोगऱ्याला बी सहसा धरत नाही, रोपं करायची ती अशीच.

घाटवाट
१८ एप्रिल, रात्री ९:२५

उशिरा आलो. मुळशीच्या रानात सध्या कुसर भरात आहे. पांढरीशुभ्र फुलं, पाकळ्या मोगऱ्यापेक्षा लांब, झाडांवर चढलेला दांडगा वेल. हाही जॅस्मिनमच ना? एक रोप उपटून आणावं का बागेत?

पुंकेसर
१८ एप्रिल, रात्री ९:५०

हो, जॅस्मिनम मलबारिकम, सह्याद्रीचा आपला रानमोगरा. उपटून मात्र आणू नका. भर उन्हाळ्यात काढलेल्या वेलाचं मूळ तुटतं आणि तो जगत नाही. रानातलाही जातो, बागेतलाही. शिवाय राखीव जंगलातून रोप काढणं हा गुन्हा आहे. कुणाच्या मालकी रानात वेल असेल तर विचारून पावसाळ्यात जमिनीलगतच्या फांदीचं दाब कलम करा. फांदीची साल खालून थोडी खरवडायची, तो भाग मातीत दाबायचा, वर दगड ठेवायचा. मुळं फुटली की मूळ वेलापासून कापून न्यायचं. आणि जागा मोठी ठेवा, हा बारा इंची कुंडीत मावणारा नव्हे.

घाटवाट
१८ एप्रिल, रात्री १०:०५

मामांच्या आंब्याच्या बांधावर आहे एक. जूनमध्ये दगड घेऊन जातो.